तळमजल्यावर बँक येत आहे

बँक कुठे असावी, याबद्दल आमच्या सोसायटीत संपूर्ण एकमत आहे. ती चालत जाता येईल इतकी जवळ असावी, दारात स्कूटर लावायला जागा असावी, एटीएममधला एसी चालू असावा आणि हे सगळं शेजारच्या सोसायटीत असावं. शेजारच्या सोसायटीचंही अगदी असंच एकमत आहे. फक्त त्यांच्या मते शेजारची सोसायटी म्हणजे आम्ही. या दोन एकमतांच्या कात्रीत सापडून आमच्या रस्त्याला मिसळ, मोबाइलची कव्हरं, लग्नाचे फेटे आणि दहावीचे क्लास एवढं सगळं मिळालं, पण बँक काही मिळाली नाही.

अशात एके दिवशी सूचना फलकावर कागद लागला. तळमजल्यावरचे दोन फ्लॅट मालकांनी एका बँकेला भाड्याने द्यायचे ठरवले असून वापरात बदल करण्यासाठी सोसायटीचा ना-हरकत दाखला मागितला आहे. कुणाची हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावी.

‘हरकत असल्यास’ हे शब्द आपल्या माणसाला दाखवू नयेत. २०१३ साली पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला, तेव्हा हजारो नागरिकांनी हरकती व सूचना दाखल केल्या होत्या. सूचना या प्रकाराला आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही, खरा जीव हरकतीत असतो. आमच्याकडेही चोवीस तासांच्या आत सेक्रेटरींच्या टपालपेटीत इतकी पाकिटं पडली, की त्यांचं स्वतःचं विजेचं बिल तळाशी गेलं आणि त्यांची वीज तोडायला माणूस आला. मग विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली. पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

‘‘हा रेसिडेन्शियल झोन आहे,’’ दुसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहिले. ‘‘इथे बँक चालणारच नाही.’’

झोन म्हटल्यावर सभेत एकदम गांभीर्य आलं. तोवर ज्यांना बोलायचंही नव्हतं त्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

‘‘आपला येलो झोन ना?’’

‘‘येलोच. नकाशात निवासी भाग पिवळा दाखवतात.’’

‘‘माझी गावाकडची जमीन ग्रीनमध्ये अडकलीय हो. येलोत येईल येईल म्हणून वाट बघतोय. एजंट म्हणाला होता, दिवाळीपर्यंत होईल.’’

‘‘कुठल्या?’’

‘‘ते नाही सांगितलं.’’

त्यानंतर बराच वेळ सभा त्यांच्या जमिनीवर होती. रिंग रोड कुठून जाणार, गुंठ्याला काय भाव चाललाय, हे झाल्यावर कुणाला तरी बँक आठवली.

हरकती एकाहून एक सरस होत्या. गर्दी होईल. दर महिन्याच्या एक तारखेला पेन्शनरांची रांग लिफ्टपर्यंत येईल. (ही हरकत घेणारे तिघेही पेन्शनर होते.) कॅशची गाडी फाटकात उभी राहील. रात्री पाल सेन्सरवरून गेली की सायरन वाजेल. बँकेचा बंदूकवाला रखवालदार बसल्या जागी डुलकी घेईल आणि बंदुकीचं तोंड नेमकं पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीकडे राहील.

‘‘तिजोरीच्या वजनाने इमारत खचेल,’’ एकजण.

‘‘अहो, तळमजल्यावर आहे. खाली जमीन आहे.’’

‘‘मग जमीन खचेल.’’

‘‘आणि दरोडेखोर पळताना लिफ्टमध्ये शिरले तर?’’

‘‘तर सापडतील. लिफ्ट बंद आहे.’’

एकटे खजिनदार बँकेच्या बाजूने होते. त्यांनी दोन फ्लॅटचं भाडं ऐकलं होतं आणि त्यातून सोसायटीला काय सुटेल याचा हिशेब मांडून आणला होता. लिफ्टची दुरुस्ती, बाहेरून रंग, नवं फाटक, उरलेल्या पैशांत गच्चीवर सोलर. कागद सभेत फिरू लागला आणि विरोध विरघळायला लागला. तेवढ्यात बी विंगमधल्या वकीलबाईंनी सांगितलं, की बिनभोगवटा शुल्कावर सरकारने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने मर्यादा घातली आहे. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, भाडं कितीही असो. खजिनदारांनी तिथल्या तिथे हिशेब पुन्हा केला. लिफ्टमधला बल्ब येत होता. त्याच रात्री तेही बँकेच्या विरोधात गेले.

राहता राहिला नियम. तो नक्की काय म्हणतो हे कुणी वाचलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना तो पाठ होता. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘तुम्ही लेख लिहिता ना? म्हणजे वाचायची सवय असेल.’’ माझ्या व्यवसायाबद्दल सोसायटीत व्यक्त झालेला हा सर्वांत मोठा विश्वास.

तर नियमावलीचं नाव आहे ‘एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’. डिसेंबर २०२० मध्ये ती आली आणि मुंबई व आणखी काही भाग सोडून सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली. मुंबईची आपली वेगळी आहे, कारण मुंबईचं सगळंच वेगळं असतं. नावात नियंत्रण आणि प्रोत्साहन दोन्ही आहे. अमुक करू नका आणि करायचंच असेल तर जोरात करा, असा एकूण सूर. एका बैठकीत वाचायची म्हणाल तर तसं बूड लागतं. मी फक्त निवासी विभागात काय काय चालतं तेवढ्या याद्या काढल्या, आणि खरं सांगतो, इतकं करमणुकीचं वाचन हल्ली दिवाळी अंकांत मिळत नाही.

पहिली यादी निव्वळ निवासी भागाची. तिच्यात एका ओळीत कोण कोण बसलंय बघा. पोलीस ठाणं, टेलिफोन एक्स्चेंज, पोस्ट आणि तार कार्यालय, वीज उपकेंद्र, अग्निशमन मदत केंद्र, होमगार्ड, पंपिंग स्टेशन. आणि या सगळ्यांच्या मधोमध, पदर सावरून, बँकेची शाखा. तीसुद्धा लॉकरच्या तिजोरीसकट. तार कार्यालयाबद्दल सांगायचं, तर देशातली तारसेवा २०१३ साली बंद झाली, पण निवासी विभागात तारेला अजून हक्काची जागा आहे. उद्या कुणी तार करायला निघालाच तर अडणार नाही.

दुसरी यादी जरा मोठ्या रस्त्यांवरच्या भागाची. तिथे दुकानं चालतात आणि त्यातही एक ओळ अशी आहे की ती लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला भेटावंसं वाटतं. सोनार, कुलूप-किल्लीवाला, घड्याळ दुरुस्ती, सायकल भाड्याने, चष्म्याच्या काचा घासणारा, वाद्यांची दुरुस्ती, फोटो फ्रेम आणि छत्री दुरुस्ती. सोनाराला आणि कुलूपवाल्याला शेजारी बसवण्यात दूरदृष्टी आहे की विनोदबुद्धी, हे कळायला मार्ग नाही. बाकी छत्री दुरुस्त करणारा माणूस मी कित्येक पावसाळे शोधतोय. सरकारने त्याला जागा दिली आहे, तोच कुठे गेलाय समजत नाही.

मी हे सगळं नीट टिपून सभेपुढे मांडणार होतो. पण काकांना तेवढा धीर नव्हता. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की सगळा खेळ रस्त्याच्या रुंदीवर असतो. नऊ मीटरच्या आत एक झोन, नऊच्या वर दुसरा. आणि काका नोकरीत असताना मोजणीच्या कामावर होते. निवृत्तीच्या वेळी सत्कारात मिळालेल्या शालीला त्यांनी आजवर हात लावलेला नाही, पण तीस मीटरची टेप घरात देवघराच्या खालच्या कप्प्यात असते.

‘‘रात्री साडेदहाला या,’’ काका म्हणाले. ‘‘रहदारी कमी असते.’’

रस्ता मोजणं हे काम ऐकायला सोपं आहे. एक टोक मी धरायचं, दुसरं काकांनी. पहिला वाद इथेच झाला. टोक धरायचं कुठे? आमच्या कुंपणापासून, गटाराच्या अलीकडून की पलीकडून? काकांचं म्हणणं, सरकारी रुंदी कुंपण ते कुंपण. खजिनदारांचं म्हणणं, गटारात कुणी चालत नाही. तेवढ्यात एक रिक्षा आली आणि बरोबर टेपवर थांबली.

‘‘काका, भाडं आहे?’’

‘‘पुढे घे! चाक टेपवर आहे!’’

‘‘रस्ता मोठा होणार का?’’ रिक्षावाल्याने विचारलं. काका टेपच्या आकड्यावर वाकले होते. त्यांनी मान न उचलता ‘हं’ केलं. टेपवर आकडा आठ मीटर सत्तर सेंटिमीटर होता. काका खूश झाले. नऊच्या आत! बँक गेली!

त्या ‘हं’ची किंमत सकाळी कळली. रस्ता रुंदीकरणात जाणार ही बातमी रात्रीत दोन्ही टोकांना पोचली होती. मिसळवाल्याने पहाटेच पत्र्याची शेड एक फूट मागे घेतली होती. फेटेवाल्याने पायऱ्या तोडायला गवंडी बोलावला होता. समोरच्या बंगल्याने फूटपाथवरची तुळस, दोन कुंड्या आणि ‘वाहने लावू नयेत’ हा सिमेंटचा ठोकळा घरात नेला होता. गेल्या कित्येक वर्षांत महापालिकेच्या एवढ्या नोटिसांनी जे झालं नव्हतं, ते काकांच्या एका हुंकाराने झालं. पंचांसमक्ष पुन्हा मोजणी झाली तेव्हा रस्ता नऊ मीटर वीस भरला.

‘‘असं कसं होईल?’’ काका टेप उलटसुलट करून बघत होते. ‘‘टेप ताणली गेली का?’’

शेवटी ओळखीतल्या एका आर्किटेक्टला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘पहिलं म्हणजे, रुंदी मंजूर आराखड्यातली बघतात. मिसळवाल्याच्या शेडवरून नाही ठरवत. आणि दुसरं म्हणजे, बँकेच्या शाखेला तुम्हाला रुंदी कशाला हवी? ती पहिल्याच यादीत आहे. तुमच्याकडे कुणी वाचलं नाही का?’’

मी वाचलं होतं, हे सांगायची वेळ निघून गेली होती.

पैशाचा धंदा कुठे बसवायचा, हा घोळ अर्थात आमच्यापासून सुरू झालेला नाही. मुंबईत १८५० च्या दशकात शेअरचे दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमायचे. सुरुवातीला चार गुजराती आणि एक पारशी, असं सांगतात. पाच माणसांना एक वड पुरतो. पण धंदा वाढला, माणसं वाढली, ती सावलीतून उन्हात आणि उन्हातून रस्त्यावर सांडू लागली. मग ते मेडोज स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या वडांखाली गेले. तिथेही तेच. वड संपत गेले, दलाल वाढत गेले. १८७४ मध्ये त्यांना एकदाची कायमची गल्ली मिळाली, तिचं नाव दलाल स्ट्रीट पडलं, आणि पुढच्या वर्षी त्यांची रीतसर संस्था झाली. त्या काळच्या एखाद्या वडासमोरच्या बंगल्यातल्या गृहस्थाने हरकत घेतली असणारच. झाड आहे, खाली बसायला आहे, पण हे लोक फार मोठ्याने ओरडतात.

पुढे शंभर वर्षांनी फोर्टात मुंगी शिरायला जागा उरली नाही, तेव्हा सरकारने ठरवलं की कचेऱ्या उपनगराकडे हलवू. १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाचं नियोजन एमएमआरडीएकडे दिलं गेलं. मिठी नदीच्या काठची पाणथळ जागा. तिथल्या ‘जी ब्लॉक’मध्ये पैशाशी संबंधित लोकांना बोलावलं. सेबी गेली, नाबार्ड गेली, राष्ट्रीय शेअर बाजार गेला. रिझर्व्ह बँकेने तिथे मोठं कार्यालय थाटलं आणि फोर्टातलं मुख्यालयही सोडलं नाही. शेअर बाजारातली जुनी मंडळी दलाल स्ट्रीटवरून हलली नाहीत ती नाहीतच. म्हणजे गर्दी कमी करण्यासाठी काढलेल्या या योजनेतून फोर्टातली गर्दी फोर्टात राहिली आणि वांद्र्याला तिची शाखा उघडली. सकाळी वांद्रे पूर्वेला शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहून बघा. गळ्यात ओळखपत्रं घातलेली ती माणसं आत जाऊन अब्जावधींची उलाढाल करतात. रांगेत मात्र चौथ्या सीटवर कोण बसणार यावरून त्यांची भांडणं चालतात.

गुजरातने तर गांधीनगरजवळ गिफ्ट सिटी नावाचा आख्खा वेगळा इलाका आखला. तिथे व्यवहार परकीय चलनात, कायदे वेगळे, नियामक वेगळा. राज्यात दारूबंदी. डिसेंबर २०२३ मध्ये तेवढ्या इलाख्यापुरती ती सैल करण्यात आली. जगातल्या वित्तसंस्था करसवलतीवर येतात अशी आपली समजूत होती. संध्याकाळी काय, हा प्रश्न त्यांनीही विचारला असावा.

आमच्या सभेत हे सगळं सांगायचा मी प्रयत्न केला. ‘‘आपण वड लावू या का?’’ एवढाच प्रश्न आला.

या धामधुमीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती, की बँक यायच्या आधीही आमच्या इमारतीत वित्तसेवांची काही वानवा नव्हती. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ विमा एजंट आहेत आणि ते जिन्यात गाठतात. लिफ्ट बंद असल्यापासून त्यांचा धंदा वाढलाय, कारण माणूस तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबतोच. तो थांबला की ‘‘या वयात असं धाप लागणं बरं नव्हे’’ इथून विषय सुरू होतो. पिग्मीवाला रोज संध्याकाळी छोटं मशीन घेऊन दारोदार फिरतो आणि पावती फाडतो. ए विंगमधला एक मुलगा कानाला फोन लावून शेअरच्या टिपा देतो. ज्या दिवशी त्याच्या खिडकीचा पडदा ओढलेला असतो, त्या दिवशी बाजार पडलेला असतो.

आणि या सगळ्यांवर भिशी. सी विंगमधल्या आजींच्या घरी महिन्यातून एकदा बारा बायका जमतात. प्रत्येकीचे पाच हजार. स्टीलच्या डब्यात बारा चिठ्ठ्या, डबा गदागदा हलवायचा, आणि एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घ्यायची. मूल निष्पक्ष असावं म्हणून त्याला आधी बटाटेवडा देत नाहीत. गेल्या महिन्यात एकीने गॅसला पैसे दिल्यामुळे दोनशे कमी आणले, तर आजींनी ते वहीत लिहून तिची सही घेतली. त्या वहीत गेल्या वीस वर्षांत एकही थकबाकी नाही. आता ही भिशी कुठल्या यादीत बसते? शिवणकाम, भरतकाम असे घरगुती उद्योग निवासी भागात चालतात, एवढंच मला सापडलं. आजींना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘आम्ही लोकरही आणतो की बरोबर.’’

असो. शेवटी ठराव झाला, दाखला दिला गेला, बाकीच्या परवानग्या आल्या. महिनोन्महिने ड्रिल मशीन चाललं. रॅम्प झाला, काचेचा दरवाजा लागला, आणि एसीची यंत्रं नेमकी काकांच्या खिडकीखाली बसली. विरोध करणारेच आता रोज येता-जाता काम कुठवर आलं ते बघत होते. पेन्शनरांनी आपापली खाती इथे हलवायचे अर्ज लिहून तयार ठेवले होते. उद्घाटनाच्या दिवशी आजी सगळ्यांत आधी पासबुक घेऊन हजर. दारात रखवालदार. बंदूक नव्हती, हातात नुसती वही होती.

‘‘आजी, इथे पासबुक भरून मिळत नाही.’’

‘‘बरं, मग पैसे काढायचेत.’’

‘‘पैसे नसतात इथे.’’

‘‘बँकेत?’’

‘‘ही शाखा नाही आजी. कर्जाच्या फायली तपासायचं ऑफिस आहे. पब्लिकचं काम नाही.’’

मागवून अर्ज पाहिला तर दुसऱ्या पानावर ते स्पष्ट छापलेलं होतं. पहिल्या पानावर ‘बँक’ दिसल्यावर पुढे जायची गरज कुणाला भासली नव्हती. आर्किटेक्टला पुन्हा फोन गेला. तो जरा वेळ गप्प राहिला. ‘‘यादीत शाखा आहे,’’ तो म्हणाला. ‘‘नुसतं ऑफिस म्हणजे प्रकरण वेगळं. तिथे मग रस्त्याची रुंदी बघावी लागेल.’’

काका उठून देवघराकडे गेले. मिसळवाल्याची शेड एव्हाना पूर्ववत झाली होती, वर एक फूट व्याजासकट. सेक्रेटरींकडे पुन्हा पाकिटं पडू लागली. या खेपेची हरकत अशी की सदर बँकेत गर्दी होत नाही, रांग लागत नाही, आणि सोसायटीची घोर फसवणूक झाली आहे. ती अजून विचाराधीन आहे.

मधल्या काळात आजींची आणि त्या रखवालदाराची ओळख झाली. त्यांच्या माहेरच्या तालुक्यातला निघाला. आत शिरल्यावर डाव्या हाताला एक मोठा सोफा आहे, समोर पाण्याचं यंत्र आहे, एसी कडक आहे, आणि भेटायला येणारं कुणीच नाही. साहेब आतल्या खोलीत फायलींत असतात. वैशाखात आजींच्या घरचा पंखा बिघडला, तेव्हापासून भिशी तिथेच भरते. त्या दोन फ्लॅटमध्ये रोख रक्कम हाताळली जाते ती महिन्यातून तेवढीच, दुपारी तीन ते चार. चिठ्ठी आता लहान मुलाऐवजी रखवालदार काढतो, कारण तो कुणाच्याच बाजूचा नाही. या महिन्यापासून त्यानेही एक नंबर घेतलाय. आतले साहेब विचारत होते, पुढची भिशी कधी सुरू होणार म्हणून.